येते म्हणजे

किल्लीसाठी हात मागे करून तो फाटकापाशी वळला, तेव्हा मागे बायको नव्हती. एक अनोळखी म्हातारा होता. अंगात राखाडी कोट, हातात पावाची पिशवी. म्हाताऱ्याने मोठ्या अगत्याने विचारलं, "मग? उघडला का तो दरवाजा शेवटी?" दरवाजा म्हणजे इस्पितळातल्या लिफ्टचा. ती लिफ्ट दर मजल्यावर वीतभर खाली थांबायची, आणि सगळी वाट तो त्याबद्दलच बोलत आला होता. "आधी वाटलं फोनवर बोलताय," म्हातारा म्हणाला, "मग म्हटलं गोष्ट रंगलीय, मोडू कशाला." दरवाजा उघडला होता, असं त्याने म्हाताऱ्याला सांगितलं, आणि म्हातारा समाधानाने पुढे गेला. मग तो आल्या वाटेने परत धावला. बंद होणारी दुकानं, सिग्नल, पुन्हा सिग्नल, कोपऱ्यावरची लाँड्री. लाँड्रीपाशी त्याला आठवलं की इथेच मागून तिचा आवाज आला होता. "येते मी," ती म्हणाली होती. आणि न वळता तो म्हणाला होता, "हं, ये." लाँड्रीच्या काचेआड कुणाच्यातरी चादरी गरगर फिरत होत्या, त्यांच्याकडे तो बराच वेळ खुळ्यासारखा बघत राहिला. शेवटी त्याने मेव्हणीला फोन केला. मेव्हणी म्हणाली, "आहे इथेच. झोपलीय." दिवेलागणीच्या वेळी कोण झोपतं, हे त्याने विचारलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ती परत आली. पिशवी खुंटीला लावली, चहा टाकला, दोन कप काढले. तिच्या केसांना नेहमीचा तलावाच्या औषधाचा वास येत होता. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती दिवसभर पाण्यात, हा दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत, असं मेव्हणी चेष्टेने म्हणायची. चहा पिताना दोघांनी टॅक्सीच्या संपाबद्दल बोलून घेतलं. त्या संध्याकाळचा विषय त्याने काढला नाही, कारण काढला तर एकच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला उत्तर होतं. 'येते' म्हणजे मागोमाग येते. आणि 'येते' म्हणजेच निघते. आपली भाषा मोठी सोवळी. तिला जाणं हा शब्द उंबऱ्यावर चालत नाही. लहानपणी एकदा घाईत तो "जातो" म्हणून शाळेला निघाला, तर आईने चार जिने खाली उतरलेल्याला हाका मारून वर बोलावलं, आणि दारात उभं करून "येतो" म्हणायला लावलं. शाळेला उशीर झाला तो झाला. म्हणजे ती संध्याकाळ दोन्हीकडून बरोबर बसत होती. ती मागोमाग येते म्हणाली असेल आणि त्याने तिला रस्त्यात हरवलं असेल. किंवा तिने निरोप घेतला असेल, आणि त्याने शहाण्या यजमानासारखं "ये" म्हणून तो दिलाही असेल. पहिल्या अर्थात तो गाढव होता, दुसऱ्यात एकटा होता. विचारलं नाही तोवर निदान दोन्हीपैकी काहीच नव्हता, आणि या अधांतरी अवस्थेत माणूस बरेच महिने काढू शकतो हे त्याला कळलं.

डोंगरातली ही सहल खरं तर दोघी बहिणींची होती. वाटाड्याबरोबर चालायचं, पानगळीत, जिथे गाडी जात नाही अशा एका तळ्याच्या काठाकाठाने, रात्री लाकडी झोपडीत मुक्काम. निघायच्या आठवड्यात मेव्हणीचा गुडघा सुजला. तो म्हणाला, "मी येतो." ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ये." म्हणून तो आता मेव्हणीच्या जागेवर, मेव्हणीच्या नावाने घेतलेला जांभळा रेनकोट घालून चालत होता. बाह्या कोपराच्या जरा खाली संपत. बसमध्ये तिने सांगून टाकलं होतं, मोठ्या शहरातल्या नव्या तलावावर तिला बोलावलंय, राहायची खोली पण देतात, परत गेल्यावर हो-नाही कळवायचंय. "तुझं काय म्हणणं?" असं तिने विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून काही म्हणणं काढलं नाही. खिडकीबाहेर पिवळं होत चाललेलं रान मागे पळत होतं. बरं आहे, असं तो म्हणाला. म्हणजे काय बरं आहे ते रानालाच ठाऊक.

पहिल्याच सकाळी त्याने घोळ घातला. सवयीने तो पुढे गेला, इतका पुढे की वाटाड्याच्याही पुढे, आणि एका वळणावर हरणांची पायवाट माणसांची समजून थेट चिखलात उतरला. घोट्यापर्यंत काळं, थंड, कुजलेल्या पानांच्या वासाचं. वाटाड्या बसक्या आवाजाचा, रुंद बांध्याचा माणूस होता. तो रागावला नाही. "काका, तुम्ही आजपासून शेपूट," त्याने जाहीर केलं. शेपूट म्हणजे रांगेतला शेवटचा. दर वळणावर वाटाड्या पुढून ओरडणार, "शेपूट?" आणि शेवटच्याने ओरडायचं, "आहे!" मधल्यांनी बोलायचं नाही. शेपटाचा आवाज आला म्हणजे मधले सगळे आलेच. दोन्ही हातांची बोटं गुंतवून चालणारं एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, ते खिदळलं. दातांचा एक डॉक्टर होता, तो म्हणाला, "छान पद आहे, निवृत्तीनंतर मलाही द्या." आणि ती, त्याची बायको, त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली, कारण शेपटाच्या पुढची जागा तेवढी मोकळी होती.

म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या मागून चालत होता. तिची पाठ त्याला ओळखीची नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो चक्क घाबरला. समोरून ती त्याला पाठ होती. पाठीकडून तो तिला अंधारातही ओळखू शकला नसता. ती डावा पाय किंचित बाहेर टाकायची. पांढऱ्या खोडाचं झाड आलं की जाता जाता त्याला तळहात लावायची, प्रत्येकाला नाही, मधूनच एखाद्याला, आणि कोणत्या हिशेबाने ते त्याला उमगेना. उजवीकडे खाली तळं होतं, हिरवट काळं, अगदी निश्चल. वरच्या कड्यांवर कालच पडलेला बर्फ. वारा आला की आख्खं झाड एकदम पिवळं सांडायचं आणि मग पुन्हा काही नाही. या काही नाहीची त्याला सवय नव्हती. विहिरीत कधीच शांतता नसते. दोर कुरकुरतात, कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी बटण दाबत असतं, कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी होते. इथे आपल्याच रेनकोटची सळसळ तेवढी, आणि पुढे तिचे बूट. तिला हाक मारावी असं त्याला सारखं वाटत होतं. काय म्हणून मारणार? जरा हळू, असं? ती हळूच चालत होती.

थोड्या थोड्या वेळाने ती मान वर करून पुढे बघायची आणि तिचा अंगठा एकेका बोटाच्या पेरावर टेकत जायचा. ती डोकी मोजत होती. सहलीला आलेल्या बाईला डोकी मोजायचं काय कारण? पण हात थांबत नाहीत. तलावावर रंगीत टोप्या मोजण्यात तिचा जन्म चालला होता. एकदा एक टोपी कमी भरली, तेव्हा तिने होत्या त्या कपड्यांनिशी खोल बाजूला उडी घेतली होती. तळ धुंडाळला, वर आली, पुन्हा बुडाली. मुलगा संडासात होता. त्या दिवशी ती निथळत घरी आली, सोफ्यावर तशीच बसली, आणि तो वर्तमानपत्रातून मान काढून म्हणाला होता, "पाऊस लागला का गं?" बाहेर कडक ऊन होतं. ती म्हणाली, "हो." आणि आंघोळीला गेली. मुलाची हकीकत त्याला पुढे मेव्हणीकडून कळली. सोफ्याची गादी कितीतरी दिवस ओली होती, हेसुद्धा त्याला आत्ता, या चढावर आठवलं, आणि आठवल्यावर चढ अवघड झाला. अंगठा एकेका पेरावरून सरकत होता. वाटाड्या, डॉक्टर, जोडप्याची दोन. तिथे तो थांबायचा. मागे वळून ती शेवटचं डोकं मोजत नव्हती. शेपूट आपणहून ओरडतंच, मग मोजायची गरज काय, अशी त्याने समजूत काढली. पण समजूत काढावी लागते तिथेच काहीतरी बोचत असतं.

"शेपूट?"

"आहे!"

हे ओरडताना त्याला दर वेळी म्हातारा मिस्त्री आठवे, ज्याच्या हाताखाली तो काम शिकला. मिस्त्रीच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. पहिल्या दिवशी मिस्त्रीने तो हात त्याच्या नाकासमोर धरून सांगितलं होतं, "या विहिरीत 'हो' हा शब्द नाही. समजलं?" तो म्हणाला, "हो." मिस्त्रीने टपली मारली. एक माणूस वर यंत्रापाशी, एक खाली खड्ड्यात. खालचा म्हणाला "वर घे", तर वरच्याने म्हणायचं, "वर घेतो." खालचा म्हणाला "थांबव", तर "थांबवतो". जे ऐकलं ते परत म्हणायचं, आणि खालच्याने ते ऐकलं की मगच यंत्राला हात लावायचा. मिस्त्री "थांब" म्हणाला होता, वरच्याला "सोड" ऐकू आलं होतं, आणि वरचा नुसतं "हो" म्हणाला होता. या नियमाने त्याची दहाही बोटं शाबूत राहिली. पण घरी आलं की तो दिवसभराचं परत म्हणणं खुंटीला टांगून ठेवी. घरात "हं" पुरे. भाजी आणलीस? हं. ताईचा फोन होता. हं. मी आता मोठ्या मुलांना पण शिकवणारे. हं, छान. आणि गंमत अशी, चालता चालता त्याला जाणवलं आणि हसूही आलं, की त्या संध्याकाळी मात्र त्याने नियम पाळला होता. ती म्हणाली येते. तो म्हणाला ये. शब्द बरोब्बर परत गेला होता. फक्त विहिरीतच शब्दाला एकच अर्थ असतो हे मिस्त्रीने सांगायचं राहून गेलं होतं, किंवा मिस्त्रीला बायको नव्हती म्हणून कधी कळलंच नव्हतं.

रात्रीच्या झोपडीत फळ्यांचे पलंग एकावर एक होते. ती वरच्यावर, तो खालच्यावर. फळीच्या फटीतून तिच्या अंथरुणाचा निळा कोपरा दिसत होता. विचारावं, असं त्याने ठरवलं. सकाळी विचारावं असं ठरवलं. मग झोप लागली आणि सकाळी सगळ्यांदेखत बूट घालताना विचारणं शक्य नव्हतं. विचारायला जागा लागते. शहरात जागा नव्हती म्हणावं तर इथे मैलोगणती जागाच होती, पण एवढ्या जागेतही तिच्या पाठीशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ढग खाली उतरले. तळं दिसेनासं झालं, नुसता पाण्याचा गार वास तेवढा उजवीकडून येत राहिला. दातांचा डॉक्टर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे रेंगाळला. त्याला पुढे कुणी ऐकून घेत नव्हतं. "वरच्या खिंडीत बर्फ आहे म्हणे," तो म्हणाला. "कुणाला नको असेल त्याने पुढच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे जावं. पलीकडून मोठ्या शहराला थेट बस आहे. तुम्हाला माहीत असेलच, तुमच्या मिसेसच काल वाटाड्याला विचारत होत्या." तो म्हणाला, "हो, माहीत आहे." मग त्याला वाटलं की पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते पायाला विचारून घ्यावं लागतंय. डॉक्टर अक्कलदाढेबद्दल काही सांगत पुढे गेला. धुक्यात तिची पाठ होती, नव्हती, होती. तो भराभर चालू लागला आणि तिच्या अगदी जवळ पोचल्यावर पुन्हा हळू झाला. काल विचारलं. म्हणजे काल ठरलं. की विचारायचं म्हणून विचारलं? ती तशीच आहे, दुकानात नको असलेल्या कापडाचाही पन्हा विचारते. की बसमध्येच ठरलं होतं? की लाँड्रीपाशी? त्याला सांधा सापडत नव्हता. बिघाड वरच्या मजल्यावर दिसतो तेव्हा तो कित्येकदा तळाशी झालेला असतो, हे त्याला कामातून माहीत होतं; इथे कोणत्या मजल्यावर उतरून बघावं ते कळत नव्हतं. त्याला तिच्याशिवाय राहायचं नव्हतं. एवढं एकच वाक्य धुक्यात स्वच्छ होतं, आणि तेच आजवर तो कुणाजवळ बोलला नव्हता, तिच्याजवळ तर नाहीच.

"शेपूट?"

"आहे!" त्याचा आवाज चिरकला. पुढे जोडपं हसलं. तिने मान किंचित वळवली, पूर्ण नाही, गालाची कड दिसेल एवढीच, आणि पुन्हा पुढे बघू लागली.

धक्का म्हणजे पाण्यात गेलेल्या चार फळ्या. मोटारहोडी आधीच लागलेली होती. होडीवाला झोपडीसाठी आणलेली पिठाची पोती उतरवत होता. धुकं पाण्यापासून हातभर वर उचललं होतं आणि त्या फटीतून पलीकडचा काठ दिसत होता, तांबूस, बारीक. वाटाड्याने सांगितलं, खिंडीतून येणारे माझ्यामागे, बाकीचे होडीत, आणि होडी थांबणार नाही, पुन्हा धुकं बसेल. मग तो वरच्या वाटेला लागला. जोडपं त्याच्यामागे गेलं. डॉक्टर जरा घुटमळला आणि गेला. ती पाठीवरची पिशवी नीट करत फळ्यांकडे चालू लागली. फळ्यांवर तिचे बूट वाजले. मध्यावर ती थांबली. पाठमोरीच म्हणाली,

"येते मी."

'हं' त्याच्या घशापर्यंत आला. अगदी ओठांवर आला. त्याने तो गिळला.

"येतेस म्हणजे?" तो म्हणाला. "अगं, येतेस म्हणजे माझ्याबरोबर येतेस, की..."

ती वळली. तिच्या पापण्यांवर धुक्याचं पाणी होतं, की तिचं होतं. "आज विचारतोयस," ती म्हणाली.

"आज विचारतोय. आणि त्या दिवशीचं पण सांग. लाँड्रीपाशी."

तिला हसू आलं. त्याला वाटलं, हसली म्हणजे सुटलो. "अरे, त्या दिवशी चपलेत खडा गेला होता," ती म्हणाली. "खडा काढायला थांबले. म्हटलं येते मी. म्हणजे थांब जरा, आलेच. तू म्हणालास ये. आणि चालत राहिलास, बोलत राहिलास. मी खडा काढला. मग तिथेच उभी राहिले, म्हटलं बघू या कधी वळतो. तू पहिला सिग्नल ओलांडलास. एक म्हातारा तुझ्या मागून चालू लागला, ते पण दिसलं मला. दुसरा सिग्नल ओलांडलास. मग दिसेनासा झालास. बोलले तेव्हा येतच होते रे. शब्दाचा अर्थ नंतर बदलला. उभ्या उभ्या."

होडीवाल्याने शेवटचं पोतं टाकलं आणि दोरीला हात घातला. दोन्ही होतं तर. तो गाढवही होता आणि एकटाही. एवढे महिने ज्या दोन अर्थांच्या मध्ये तो जपून बसला होता, ते दोन नव्हतेच, एकामागून एक होते, आणि मध्ये दोन सिग्नलांची वाट होती. "मला तुझ्याशिवाय राहायचं नाही," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, कारण होडीचं यंत्र सुरू झालं होतं. तिने ते ऐकलं. चेहऱ्यावर ऐकलेलं दिसत होतं.

"आणि आज?" त्याने विचारलं. "आज येते म्हणजे काय?"

"आज," ती म्हणाली, आणि क्षणभर तिच्याही जिभेला तो शब्द जड गेला, "आज जाते."

असं म्हणू नये. आईने चार जिने खालून वर बोलावलं असतं. येते म्हण, हे त्याच्या तोंडात तयार होतं. म्हटलं असतं तर तिने ते म्हटलंही असतं, समजूतदारपणे, आणि मग तो पुन्हा कितीतरी महिने त्या शब्दात राहू शकला असता. ती उभी होती. होडीवालाही दोरी हातात धरून थांबला होता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत आहेत असं त्याला वाटलं, जसं खड्ड्यातला माणूस वर बघत असतो.

"जातेस," तो म्हणाला.

तिने मान हलवली. होडीवाल्याने दोरी सोडली. ती आत उतरली, फळीवर बसली, आणि होडी मागे सरून वळली. पाण्यावरची पिवळी पानं दोन बाजूंना झाली. तिने मान वर केली होती. वरच्या वाटेवर धुक्यात चढणारी माणसं तिथून दिसत असावीत, कारण तिचा अंगठा पेरांवरून सरकत होता. वाटाड्या. जोडप्याची दोन. डॉक्टर. मग तिची नजर खाली धक्क्यावर आली, जांभळ्या रेनकोटावर थांबली, आणि अंगठा पाचव्या ठिकाणी टेकला. तिथे तो बराच वेळ होता. मग धुकं पाण्यावर बसलं आणि नुसता यंत्राचा आवाज राहिला, मग तोही पलीकडे गेला.

वरून, वळणापलीकडून, बसक्या आवाजात हाक आली.

"शेपूट?"

"आहे," तो म्हणाला. आवाज वरपर्यंत पोचला नसावा, कारण वाटाड्याने पुन्हा विचारलं.